घाट चढता येतो. उतरता येतो का?

आपल्याकडे सायकलचे तीन काळ होऊन गेले. पहिला गरजेचा. दूध, डाक, शाळा, शेत, सगळे सायकलवर चाले. दुसरा लाजेचा. ज्याच्याकडे मोटारसायकल नाही तोच सायकल वापरतो, असे ठरून गेले आणि काळी दणकट सायकल गोठ्यात जाऊन बसली. आता तिसरा काळ आला आहे, हौसेचा. रविवारी पहाटे भाळवणीच्या किंवा सुपा रस्त्याला उभे राहा. वाकड्या हँडलच्या, बोटभर टायरच्या, एका हाताने उचलता येईल अशा हलक्या सायकली घेऊन पाच-दहा जण जाताना दिसतात. त्यांत शिक्षक आहेत, बँकेतले आहेत, शेतकऱ्यांची मुले आहेत आणि आमच्या व्यवसायातलेही काही आहेत.

डॉक्टर म्हणून मला याचा आनंदच आहे. रक्तदाब, साखर, वजन, झोप, मनावरचा ताण या सर्वांवर इतके स्वस्त औषध माझ्या कपाटात नाही. सायकल चालवू नका, असे सांगण्यासाठी मी हा लेख लिहीत नाही, हे आधीच स्पष्ट करतो. माझी तक्रार वेगळी आहे. ही मंडळी घाट चढण्याचा सराव महिनोन्महिने करतात. पण तोच घाट उतरायचा कसा, हे कोणी कोणाला शिकवीत नाही. उतार हा जणू चढणीचे बक्षीस आहे, पाय थांबवायचे आणि वारा खायचा, अशी समजूत आहे. आणि माझ्या टेबलावर येणारे सायकलवाले जवळजवळ सगळे उतारावर पडलेले असतात.

मान कोणाला मिळतो ते बघा. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. फ्रान्सच्या जगप्रसिद्ध ‘टूर द फ्रान्स’मध्ये चढणीच्या गुणांची वेगळी मोजदाद १९३३ पासून होते आणि त्यात पहिला असणाऱ्याला १९७५ पासून लाल ठिपक्यांचा पांढरा सदरा मिळतो. उत्तम उतरणाऱ्याला मात्र कोणी वेगळा सदरा देत नाही. आपल्या गल्लीतही तेच. ‘पठारावर किती मिनिटांत चढलास?’ हा प्रश्न सगळे विचारतात. ‘खाली कसा आलास?’ असे कोणी विचारीत नाही. विचारलेच तर उत्तर असते, ‘डॉक्टर, ब्रेकला हातसुद्धा लावला नाही!’ हे उत्तर ऐकले की माझा हात आपोआप धनुर्वाताच्या इंजेक्शनकडे जातो.

चढताना शरीर स्वतःची राखण करते. दम लागतो, छाती धडधडते, मांड्या पेटतात. माणूस नको म्हणाला तरी शरीर त्याला थांबवते. उतारावर असे काहीच होत नाही. नाडी शांत, श्वास सावकाश, तोंडावर गार वारा. धोका वाढत असताना शरीर एकाही तक्रारीचा शब्द काढीत नाही. रक्तदाबासारखेच आहे हे. त्रास नाही म्हणून रोगी औषध सोडतो आणि एके दिवशी एकदम पडतो.

थोडा हिशेब करू. शाळेतले गणित आहे, घाबरू नका. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारा स्वार एखाद्या कठड्यावर आदळला, तर तो आघात सुमारे सव्वासहा मीटर उंचीवरून खाली पडण्याइतका असतो. म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून. ताशी ५० ला हीच उंची जवळजवळ दहा मीटर होते. चांगल्या उतारावर हलकी सायकल पायडल न मारताही ५० च्या वर जाते. गच्चीच्या कडेला उभे राहिल्यावर पाय थरथरतात, पण सायकलवर तोच माणूस शीळ घालीत येतो.

वळणाचा हिशेब याहून महत्त्वाचा आहे. वेग दुप्पट झाला की वळताना टायरने रस्त्याला धरून ठेवण्याची गरज दुप्पट होत नाही, चौपट होते. सुमारे १५ मीटर त्रिज्येचे आवळ वळण घ्या. घाटात अशी असतातच. ताशी २० ने त्यातून जायचे तर सायकल साधारण १२ अंश कलवावी लागते. ३० ने गेलात तर २५ अंश. ४० ने गेलात तर तब्बल ४० अंश, आणि त्यासाठी स्वच्छ, कोरडा, उत्तम डांबरी रस्ताच हवा. मूठभर खडी असली तरी चाक निसटले म्हणून समजा. आपल्या तालुक्यातल्या कोणत्या वळणावर मूठभर खडी नसते, ते मला कळवावे.

जगातले उत्तम स्वारही याच ठिकाणी गेले आहेत. इटलीचा फाबियो कासार्तेली १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये सायकल शर्यतीचे सुवर्णपदक घेऊन आला होता. १८ जुलै १९९५ रोजी टूर द फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वतातील एक घाट उतरताना तो पडला आणि डोक्याच्या दुखापतीने गेला. वय अवघे २४. डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्या काळी सक्तीच नव्हती. ती सक्ती व्हायला २००३ साल उजाडले आणि त्यासाठी त्या वर्षी पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव्ह या कझाक स्वाराला जीव गमवावा लागला. हेल्मेट आले तरी घाट घाटच राहिला. जून २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या शर्यतीत गिनो मेडर हा स्वार आल्बुला घाट उतरताना वळणावरून खाली गेला आणि दुसऱ्या दिवशी वारला. ही माणसे रोज सहा-सहा तास सायकलवर असत, रस्ते बंद ठेवलेले असत, मागे मोटारीत डॉक्टर असे. आपल्या बाजूला यांतले काय आहे?

उतार सुरक्षितपणे उतरता येत नाही असे मात्र नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करण्याच्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या सुमारे ४,८०० किलोमीटरच्या शर्यतीत दोघांचा संघ म्हणून उतरले आणि नऊ दिवसांच्या आत पोचले. ती पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल डॉ. श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी हीच शर्यत एकेकट्याने पुरी केली. (चौघेही डॉक्टर! आमच्या धंद्यातली माणसे रोग्यांना विश्रांती सांगतात आणि स्वतः हे करतात.) या शर्यतीच्या सुरुवातीलाच डोंगरातून थेट बोरेगोच्या वाळवंटात नेणारा एक प्रचंड उतार आहे, तिकडचे लोक त्याला ‘काचेची लिफ्ट’ म्हणतात. पुढे हजारो किलोमीटर जायचे आहे हे ज्याला ठाऊक असते, तो पहिल्या उतारावर शौर्य दाखवीत नाही.

आता मुख्य गोष्ट. ती एका वाक्यात सांगता येते: वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. नवशिक्या नेमके उलटे करतो. तो सरळ रस्त्यावर वारा खात येतो, वळणाच्या तोंडाशी दरी दिसली की दचकतो आणि सायकल कललेली असताना दोन्ही ब्रेक करकचून आवळतो. टायरची पकड ठरावीक असते. ती तुम्ही वळण्यासाठी खर्च करा किंवा थांबण्यासाठी. एकाच वेळी दोन्हींसाठी पुरणार नाही. खिशात शंभर रुपये असताना दोन दुकानांत शंभर-शंभरची खरेदी करण्यासारखे ते आहे. पुढचे चाक घसरते आणि काय झाले ते कळायच्या आत माणूस खांद्यावर आपटलेला असतो.

म्हणून वळण दिसले की सायकल सरळ उभी असतानाच ब्रेक लावायचे. हात हँडलच्या खालच्या वाकड्या भागावर, दोन बोटे ब्रेकवर, अंग थोडे मागे. थांबवण्याचे बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो, कारण ब्रेक लागताच सगळे वजन पुढे येते. ‘पुढचा ब्रेक लावू नये, उलटून पडतो’ हे आपण लहानपणी ऐकलेले अर्धसत्य आहे. तो झटक्याने आवळला तर उलटतो. हळूहळू दाबत नेला आणि बूड मागे घेतले तर तोच वाचवतो. मागचा ब्रेक सोबतीला हलका ठेवावा. वळणात शिरताना ब्रेक सुटलेले असावेत किंवा नाममात्र लागलेले. वेग जरा जास्तच कमी झाला असे वाटले तर बरोबर झाले असे समजावे.

दुसरी गोष्ट नजरेची. सायकल डोळे जिकडे बघतात तिकडे जाते. यात काही गूढ नाही. मान वळते तसे खांदे वळतात, खांदे वळतात तसे हँडल. दरीकडे, खड्ड्याकडे किंवा समोरून येणाऱ्या ट्रककडे टक लावून बघणारा माणूस हमखास तिकडेच जातो. खड्डा एकदा पाहावा आणि नजर लगेच पलीकडच्या मोकळ्या रस्त्यावर न्यावी, वळण जिथे संपते तिथे. माझ्याकडे आलेला एक मुलगा म्हणाला, ‘डॉक्टर, एवढ्या मोठ्या रस्त्यावर एकच दगड होता आणि मी त्याच्यावरच गेलो.’ मी म्हटले, बाबा, तू दुसरे काही पाहिलेच नाहीस.

अंगाचे सांगायचे तर वळणाच्या बाहेरच्या बाजूचे पायडल खाली आणि शरीराचे वजन त्या पायावर. डावे वळण असेल तर उजवा पाय खाली. याचे दोन फायदे. आतले पायडल रस्त्याला घासत नाही आणि वजन खाली जाऊन सायकल स्थिर राहते. कोपर सैल ठेवावेत. ताठ हातांनी धरलेले हँडल प्रत्येक खाचेचा धक्का थेट खांद्याला देते. सायकल कलवायची ती हँडल फिरवून नव्हे. डावीकडे वळायचे तर डाव्या हाताने हँडल अगदी हलकेच पुढे रेटायचे. ऐकायला उलटे वाटते, पण आपण सर्व जण नकळत हेच करीत असतो. मोकळ्या मैदानात सावकाश करून पाहा, पटेल.

परदेशी पुस्तकांत आणि चित्रफितींत सांगतात, वळणाच्या बाहेरून शिरा, आतला कोपरा कापा, पुन्हा बाहेर पडा. त्यांच्या शर्यतीचा रस्ता बंद असतो. आपला नसतो. आपल्याला डावीकडून जायचे आहे आणि जी काही रेघ आखायची ती आपल्या अर्ध्या रस्त्यातच. उजव्या वळणावर कोपरा कापण्याचा मोह फार होतो आणि नेमक्या त्याच क्षणी खालून एस.टी. येते. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर वळण घेताना पूर्ण रस्ता व्यापतो. त्याची दुसरी ट्रॉली कुठून जाईल हे ड्रायव्हरलाही नक्की ठाऊक नसते. जे वळण पलीकडचे दाखवीत नाही, त्यात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता आले पाहिजे. पुन्हा हिशेब देतो. ताशी ४० ला डोळ्यांनी पाहून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद जातो, त्यात ११ मीटर. आणि पुढे थांबायला चांगल्या रस्त्यावर १२-१३ मीटर. एकूण २४. उतारावर थोडे अधिकच. ताशी २० ला हेच सगळे नऊ मीटरच्या आसपास उरकते.

आपल्या भागाचे काही खास धोके आहेत. वाळू-मुरमाच्या गाड्यांतून सांडलेला थर नेहमी वळणाच्या बाहेरच्या कडेला साचतो. कांद्याच्या दिवसांत गोणीतून पडलेला कांदा आणि त्याची ओली पात चाकाखाली साबणासारखी वागते. कान्हूर पठारावर सुटलेला वारा उघड्या वळणावर आडवा येतो आणि हलकी सायकल हातभर सरकवतो. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल वर येते. तो अर्धा तास सर्वांत निसरडा. पांढरे रंगवलेले पट्टेही ओले झाले की तसेच. टाकळी ढोकेश्वरहून आळेफाटा, ओतूर करीत हौशी मंडळी पावसाळ्यात माळशेज घाट पाहायला जातात. धबधबे सुंदर आहेत यात वाद नाही. पण धुके, दरड, थांबलेल्या मोटारी आणि मध्येच सेल्फी काढणारी माणसे यांतून ओल्या ब्रेकने खाली उतरणे हा वेडेपणा आहे. घाटमाथ्यावर थांबा, भजी खा, परत फिरा. माझे पथ्य तिथे मी स्वतः शिथिल करतो.

रिमला घासणारे ब्रेक असतील तर लांब उतारावर ते सतत दाबून धरू नयेत. रिम तापते आणि आतली ट्यूब फुटू शकते. दाबा, वेग उतरवा, सोडा, पुन्हा दाबा. डिस्क ब्रेक असले म्हणजे सर्व साधले असेही नाही. ब्रेक चाक थांबवतो; रस्ता टायर धरतो.

थंडीत पहाटे माथ्यावर घामाने भिजून पोचायचे आणि तसेच खाली सुटायचे, हे आणखी एक. पाच मिनिटांत बोटे बधिर होतात आणि ब्रेक दाबला गेला की नाही तेच कळत नाही. जुने शर्यतवाले माथ्यावर सदऱ्याच्या आत छातीला वर्तमानपत्र लावीत. उपाय अजून चालतो. हा अंक वाचून झाल्यावर त्यासाठी वापरायला माझी हरकत नाही.

इतके करूनही प्रसंग येतो. वळण जमणार नाही हे कळते तेव्हा हातात एखादा सेकंद असतो. तेवढ्यात सायकल सरळ उभी करून जेवढा वेग मारता येईल तेवढा मारायचा आणि मग पुन्हा कलवायची. नाहीच जमले तर कुठे जायचे ते निवडायचे. डोंगराकडचा चर, झुडूप, मातीचा उंचवटा, काहीही चालेल. दरी आणि समोरचे वाहन नको. ताशी ४० चे २० झाले की आघात निम्मा नव्हे, चौथाई राहतो, म्हणून शेवटच्या क्षणापर्यंत वेग कमी करीत राहण्याला अर्थ आहे. खडीत शिरलात तर ब्रेक सोडा, हँडल सरळ धरा आणि ती संपू द्या. वेगात सायकल थरथरू लागली तर हँडल आवळू नका. दोन्ही गुडघ्यांनी मधला दांडा दाबून धरा, हात सैल सोडा आणि मागचा ब्रेक हलका लावा.

पडतानाची सहज प्रवृत्ती म्हणजे हात पसरून जमीन अडवायची. म्हणूनच मनगटे मोडतात. शक्य तर हँडल सोडू नये, हनुवटी छातीशी घ्यावी आणि खांद्यावरून लोळण जाऊ द्यावी. हे वाचून येत नाही, हे मला मान्य आहे. आखाड्यात वाढलेल्या मुलाला मात्र येते. कुस्तीत पडायला आधी शिकवतात, पाडायला नंतर. सायकलवाल्यांनी दोन महिने तालमीच्या मातीत घालवले तर त्यांचे नुकसान होणार नाही.

पडून आलेल्यांबद्दल थोडे सांगतो, कारण इथे घोटाळे फार होतात. पसरलेल्या हातावर पडलेल्या तरुणाला अंगठ्याच्या मुळाशी जो खोलगा असतो तिथे दाबल्यावर दुखत असेल, तर ती ‘मुरगळ’ म्हणून सोडू नये. तिथे स्कॅफॉईड नावाचे बोराएवढे हाड असते. त्याचा तडा पहिल्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा काढावा लागतो आणि तोवर हात प्लास्टरमध्ये ठेवावा लागतो. या हाडाला रक्तपुरवठा बेताचा. चोळून-मळून घेतले तर ते जुळत नाही आणि पुढे कायमचे मनगट दुखते. गेल्या हिवाळ्यात एक मुलगा पडल्यावर दीड महिन्याने माझ्याकडे आला. तोवर दोन ठिकाणी हात चोळून झाला होता. पोलीस भरतीची तयारी करीत होता तो. जोर मारताना हात टेकवत नव्हता. नगरला हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवला, शस्त्रक्रिया झाली. पण भरतीचे ते वर्ष गेले.

खांद्यावर पडल्यास गळपट्टीचे हाड मोडते, ते हात गळ्यात बांधून बहुधा नीट जुळते. पोटात हँडलचे टोक लागले असेल तर मात्र वरून खरचटल्याचीही खूण नसताना आत प्लीहा किंवा यकृत फाटलेले असू शकते. पोट दुखणे वाढले, डावा खांदा विनाकारण दुखू लागला, चेहरा पांढरा पडला, नाडी जलद झाली, तर घरी पाठवायचे नाही.

डोक्याला मार लागलेला माणूस उठून बसला, बोलला, चहाही प्याला, म्हणून निर्धास्त होऊ नये. कवटीच्या आत रक्त साचायला वेळ लागतो. काही तास ठीक वाटते, मग डोके वाढते दुखणे, उलट्या, गुंगी, तेच तेच प्रश्न विचारणे सुरू होते. अशा वेळी ‘झोपू द्या, दमलाय’ हे घरच्यांचे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. झोपू देऊ नका, मोठ्या रुग्णालयात न्या. पडलेल्याला हातपाय धरून उचलू नये, बसवू नये, तोंडात पाणी ओतू नये, कांदा हुंगवू नये. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नये; मानेला इजा असू शकते. १०८ ला फोन करावा आणि वळणाच्या अलीकडे कोणीतरी उभे राहून वाहने थांबवावीत. मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाचा ससेमिरा लागू नये, अशा मार्गदर्शक सूचनांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच शिक्कामोर्तब केले आहे. ती भीती आता सोडून द्यावी.

हेल्मेटची सक्ती आपल्या कायद्यात सायकलस्वाराला नाही. म्हणून ते बहुतेकांच्या हँडलला लटकलेले दिसते. हँडलला मेंदू नसतो. ते भुवयांच्या वर दोन बोटे बसावे, पट्टा हनुवटीखाली घट्ट असावा आणि एकदा आपटले की वरून ठीक दिसले तरी बदलावे.

आता आयोजकांसाठी दोन शब्द, आणि ते थोडे कडू आहेत. मध्यंतरी आपल्याच जिल्ह्यातील एका हौशी स्पर्धेत मी वैद्यकीय मदतीसाठी उभा होतो. रुग्णवाहिका कुठे होती? घाटमाथ्यावर, कमानीजवळ. तिथे पाहुणे होते, हार होते, छायाचित्रकार होता. मुलगा पडला खाली, चौथ्या वळणावर. माथ्यावरून निघालेल्या रुग्णवाहिकेला त्याच रस्त्याने उतरणाऱ्या ऐंशी सायकलींमागून यावे लागले. नशीब, कातडीवरच निभावले. पण रुग्णवाहिका पायथ्याशी आणि अवघड वळणांवर शिट्टी-झेंडा घेतलेली माणसे, एवढे समजायला वैद्यकीय पदवी लागत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये झुरिच येथील जागतिक स्पर्धेत म्युरिएल फुरर ही अठरा वर्षांची स्विस मुलगी उतारावर पडली. पाऊस होता, ती झाडीत गेली आणि बराच वेळ ती पडली आहे हेच कोणाला कळले नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली. जागतिक स्पर्धेत हे होऊ शकते, तर आपल्याकडे प्रत्येक वळणावर माणूस हवा आणि माथ्यावरून किती निघाले, पायथ्याला किती पोचले, याची मोजणी हवी.

आणि माझी खरी मागणी ही आहे की, हौशी स्पर्धांत उताराचा वेळ मोजूच नये. युरोपातील हौशी स्वारांच्या काही स्पर्धांत धोक्याच्या उतारांवर घड्याळ थांबवतात; माथ्यावर थांबते, पायथ्याला पुन्हा सुरू होते. तंत्र सोपे आहे, प्रत्येकाच्या क्रमांकपट्टीत आता चिप असतेच. चढणीची चुरस राहते, उताराची जाते. ‘मग शर्यतीत मजा काय?’ असे एकाने मला विचारले. मजेची किंमत कोण देणार, ते ठरल्यावर या प्रश्नाचे उत्तर देईन. मोबाईलवर उताराचे विक्रम नोंदवण्याची जी टूम आहे, तिच्याबद्दलही हेच. २०१० मध्ये अमेरिकेतील बर्कले येथे एक स्वार उतारावरचा आपला गेलेला विक्रम परत मिळवण्याच्या नादात मोटारीवर आदळून मेला. आपापल्या गटात ठरवून टाका, उतारावरची नोंद कोणी कोणाला दाखवायची नाही. व्यावसायिकांच्या जागतिक संघटनेनेसुद्धा एप्रिल २०२१ पासून मधल्या दांड्यावर बसून, हँडलवर छाती टेकवून उतरण्यास बंदी केली आहे. आपली मुले मात्र चित्रफितीत पाहून अजून तसेच बसतात.

हे सगळे महागड्या सायकलींबद्दल झाले. पण वाडी-वस्त्यांवरून शाळेत येणारी मुले-मुलीही रोज उतार उतरतात. पाठीवर दप्तर, मागे कॅरिअरवर धाकटी बहीण आणि ब्रेकचे रबर झिजून लोखंड रिमला लागलेले. ही मुले पायातली चप्पल रस्त्याला घासून सायकल थांबवतात. चपलांचे तळवे पाहिले की मला कोणाचा ब्रेक गेला आहे ते ओळखता येते. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या शनिवारी प्रत्येक शाळेने गावातल्या सायकल दुकानदाराला आवारात बोलवावे आणि सर्व सायकलींचे ब्रेक, तारा आणि टायर तपासून घ्यावेत. रबराच्या जोडीला चहा-भज्यांपेक्षा फारसा जास्त खर्च येत नाही. ज्या शाळांना तो खर्च जड जाईल, त्यांच्या मुख्याध्यापकांनी मला दवाखान्यात भेटावे. दुपारी चारनंतर मी असतो.